वाचक विचारतात: नाट्यगृहाला कुलूप आहे, दाद कुठे मागायची?

या वेळी पोस्टाने आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मिळून जी पत्रं आली त्यातली निम्म्याच्या वर एकाच विषयाची निघाली. गेल्या अंकात मी आमच्या नाट्यगृहाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावरूनच असणार. कुणाचं नाट्यगृह बंद, कुणाच्या आईचं मानधन अडकलेलं, कुणाच्या गावात दशावताराच्या मंडळींना कपडे बदलायला जागा नाही. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर टाकलेत. नाव छापू नका असं दोघातिघांनी लिहिलंय तर कुणाचंच छापलेलं नाही.

प्रश्न: ताई नमस्कार. आमचं शहर लहान आहे, नगरपरिषदेचं नाट्यगृह आहे पण पाच-सहा वर्षं बंद आहे. आमचा हौशी ग्रुप आहे, राज्य नाट्य स्पर्धेला जातो, तालमी शाळेच्या वर्गात करतो. मुख्याधिकारी साहेबांना निवेदन दिलं, पेपरला फोटो आला, आमदारांनाही भेटलो, सगळे हो म्हणतात. आता उपोषणाला बसावं असं पोरांचं म्हणणं आहे. बसू का?

दादा, आत्ता नका बसू. उपोषण शेवटचं असतं आणि ते केल्यावर मागे हातात काही राहत नाही, आणि तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर मला असं वाटतंय की तुम्ही अजून पहिल्याच पायरीवर आहात. रागावू नका, आम्हीही त्याच पायरीवर तीन वर्षं काढलीत.

आमच्या निवेदनात बारा मागण्या होत्या. खुर्च्या, एसी, साउंड, पडदा, पार्किंग, रंगरंगोटी, सगळं. वाचणाऱ्याला कळायचंच नाही की नेमकं काय करायचंय, मग तो शेरा मारायचा 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' आणि कागद दुसऱ्या टेबलावर जायचा. शेवटी बांधकाम विभागातल्या एका क्लार्कनेच, भला माणूस होता, आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की मॅडम एवढं सगळं एकत्र कुणी देत नसतं, एक काम लिहा आणि ते कुठल्या लेखाशीर्षात, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या कुठल्या सदरात, बसतं ते लिहा. आम्हाला लेखाशीर्ष हा शब्दही माहीत नव्हता. आम्ही घरी येऊन नगरपरिषदेचं अंदाजपत्रक काढून वाचायला बसलो, कंटाळवाणं पुस्तक, आकडेच आकडे, पण त्यात एक ओळ सापडली, 'नाट्यगृह देखभाल व दुरुस्ती'. तरतूद होती! दरवर्षी होती. आणि शेजारच्या 'प्रत्यक्ष खर्च' च्या रकान्यात सलग तीन वर्षं शून्य. वर्षाच्या शेवटी ते पैसे वर्गीकरण करून दुसऱ्या कामाला वळवले जायचे. म्हणजे पैसे नाहीत म्हणून काम होत नाही असं जे आम्हाला इतके दिवस सांगत होते ते खरं नव्हतंच, पैसे होते, ते कुणी मागायला उभं नव्हतं म्हणून दुसरीकडे जात होते. त्या दिवशी मला खूप वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडा धीरही आला.

मग आम्ही एकच मागणी धरली. बायकांची मेकअप रूम आणि तिथलं स्वच्छतागृह. आमच्याकडे नळाला पाणी नव्हतं, दाराला कडी नव्हती, आमच्या मुली तोंडाला रंग लावलेल्या, नऊवारी नेसलेल्या अवस्थेत रस्ता ओलांडून समोरच्या आजींकडे बाथरूमला जायच्या आणि तिसरी घंटा व्हायच्या आत पळत परत यायच्या. एकदा पहिल्या प्रवेशातली मुलगी अशीच अडकली आणि विंगेत आम्ही सगळे श्वास धरून उभे. हे आम्ही अर्जात लिहिलं, जसंच्या तसं. जोडीला तीन वर्षांचे तरतुदीचे आकडे आणि एका प्लंबरकडून काढून घेतलेला खर्चाचा अंदाज. त्या वर्षी ते काम झालं. पुढच्या वर्षी लाइटचं वायरिंग मागितलं. असं एकेक.

तुम्ही आता हे करा. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यात, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे भाषण नको, सरळ विचारा की गेल्या पाच वर्षांत नाट्यगृहासाठी किती तरतूद केली, किती खर्च झाली, वर्गीकरण झालं असल्यास ठरावाची प्रत द्या. तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर पहिलं अपील करा, तेही सोपं आहे. बंद का आहे, फायर ऑडिट झालंय का, स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का, हे वेगळ्या अर्जात विचारा. बऱ्याच ठिकाणी नाट्यगृह बंद असण्याचं कारण मोठं काही नसतं, अग्निशमनाचा दाखला नाही एवढंच असतं, आणि ते कारण कुणाला धड माहीतही नसतं.

आणि वेळ सांभाळा. अंदाजपत्रकाची तयारी डिसेंबर-जानेवारीत सुरू होते, तुमचं निवेदन मार्चमध्ये गेलंय असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे पंगत उठल्यावर पान मांडल्यासारखं झालं. नोव्हेंबरमध्ये जा. अर्जाच्या दोन प्रती, एकीवर आवक विभागाचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. फोटो पेपरात येण्यापेक्षा तो शिक्का महत्त्वाचा आहे, कारण पुढच्या वेळी साहेब बदललेले असतात आणि नवीन साहेबांना तुम्ही 'आमच्या अमुक तारखेच्या पत्राचं काय झालं' एवढं तरी विचारू शकता. तिथेही दाद लागली नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांकडे लोकशाही दिन, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस असतो, तिथे न्या, त्याआधी खालच्या पातळीवर अर्ज केल्याचा पुरावा लागतो आणि तो हाच शिक्का.

प्रश्न: मी एका कलामंचाची कार्यकर्ती आहे. नाट्यगृहासाठी सह्यांची मोहीम घेऊन वॉर्डात फिरतो तेव्हा लोक तोंडावर म्हणतात, नळाला चार दिवसांनी पाणी येतंय आणि तुम्हाला नाटकं सुचतात. आमच्या नगरसेवकांचंही तेच. मला उत्तर देता येत नाही, आणि मनातून वाटतं की त्यांचंही बरोबरच आहे. काय बोलायचं?

बाई गं, हे पत्र मी चार दिवस टेबलावर ठेवलं होतं. पहिलं म्हणजे ज्या घरातल्या बाईने हे तुला सुनावलं तिच्याशी वाद घालू नकोस, ती खरंच हंडे घेऊन उभी असते. तिची सही नाही मिळाली तरी चालेल.

पण मनातून त्यांचं बरोबर वाटतंय म्हणतेस ना, ते माझ्याशी बोल. कोल्हापूर बघ. शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण बांधायला घेतलं आणि त्याच माणसाने, त्याच काळात, त्याच खजिन्यातून खासबागचं कुस्तीचं मैदान आणि त्याला लागून पॅलेस थिएटर उभं केलं, १९१५ साली नाटकं सुरू झाली तिथे. नंतर त्याला गायक-नट केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. धरण आधी पुरं होऊ दे मग नाटकाचं बघू असं नाही म्हणाले ते. पाणी, कुस्ती आणि नाटक ही तिन्ही प्रजेची गरज आहे असं धरून चालले. त्याच कोल्हापूर संस्थानाने पुढे १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, देश स्वतंत्र व्हायच्याही आधी. आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती, तेव्हा रस्त्यावर कोण उभं होतं? नाटकवाले तर होतेच पण नाटकाशी धंद्याने काही संबंध नसलेली माणसंही डोळे पुसत उभी होती. होतं तसंच परत बांधा ही मागणी राख गार व्हायच्या आत सुरू झाली. ज्याची गरज नाही असं म्हणतात त्यासाठी माणसं अशी रडत नाहीत गं.

नगरसेवकांना मात्र वेगळं उत्तर दे, तिथे भावनेपेक्षा कागद दाखव. १९९२ साली ७४ वी घटनादुरुस्ती झाली, तिच्यातून राज्यघटनेत बारावी अनुसूची आली, नगरपालिकांकडे सोपवायच्या अठरा कामांची यादी आहे ती. पाणीपुरवठा त्यात आहे, रस्ते आणि पूल आहेत, आणि तेराव्या क्रमांकावर सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना प्रोत्साहन हेही आहे. एकाच यादीत. म्हणजे तू काही मेहेरबानी मागत नाहीयेस. राज्याचं सांस्कृतिक धोरणही आहे, आ. ह. साळुंखे यांच्या समितीने तयार केलेलं २०१० सालचं, आणि आता विनय सहस्रबुद्धे यांच्या समितीनंतर २०२४ मध्ये नवं आलं. दोन्ही मिळवून वाच, तुझ्या विषयाजवळचं एखादं वाक्य शोध आणि अर्जात अवतरणात टाक. शासनाचंच वाक्य शासनाला दाखवलं की फाईलवर 'धोरणात बसत नाही' असं लिहिता येत नाही.

आणि सह्या गोळा करताना 'नाट्यगृह पाहिजे' एवढंच नको सांगूस. नाट्यगृह नसताना शाळेचं गॅदरिंग कुठे होतं, बचत गटाचा मेळावा कुठे होतो, मुलींची नृत्याची परीक्षा कुठे होते, ते विचार. मंगल कार्यालयाच्या भाड्यात ती शाळा किती पैसे घालते हे मुख्याध्यापकांना विचार. तिथे तुला सह्या मिळतील, आणि मनापासून मिळतील.

प्रश्न: आमी सिंधुदुर्गातले. आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी दशावतार असतो, बाहेरची कंपनी येते. देवळामागे आडोसा करून ते तयार होतात, लाइट पण वायर ओढून. ग्रामपंचायतीला यात काही करता येतं का की हे देवस्थानचंच काम?

करता येतं की. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत ग्रामपंचायतींच्या एकोणतीस विषयांत ग्रंथालयं आहेत आणि लगेच पुढे सांस्कृतिक कार्यक्रम आहेत, विसावा आणि एकविसावा विषय. देवस्थानच्या जागेवर काम करायचं तर मात्र अडचण येते, जागा कुणाच्या नावावर आहे ते आधी सातबाऱ्यावर बघा, शक्य असेल तर शेजारची ग्रामपंचायतीची किंवा शाळेची जागा धरा.

मी दशावतार पाहिलाय तुमच्याकडे, रात्री उशिरा गणपती आला आणि पहाटे दहीकाल्यापर्यंत हललो नाही आम्ही. त्याआधी संध्याकाळी मी मुद्दाम मागे जाऊन बसले होते. एका पत्र्याच्या पेटीवर कंदिलाएवढा बल्ब, त्या उजेडात एक कलाकार एका हातात वाटोळा आरसा धरून दुसऱ्या हाताने स्वतःच स्वतःचं तोंड रंगवत होता, लुगडं नेसून स्त्रीपात्र करणारा होता तो, आणि मच्छर चावतायत म्हणून मध्येच पाय आपटत होता. रात्रभर उभं राहून पल्लेदार संवाद, तेही लिहिलेली संहिता नसताना तिथल्या तिथे रचून म्हणणारी ही माणसं, त्यांना एक भिंत, एक नळ, एक संडास आणि दोन प्लग पॉइंट नको का द्यायला आपण? जत्रेला लाखाचे फटाके उडतात हो.

मागणी एवढीच ठेवा, चार भिंतींची खोली, जी एरवी महिला मंडळाला किंवा भजनाच्या तालमीला वापरता येईल. ग्रामसभेत विषय आयत्या वेळी काढू नका. सभेआधी सरपंच आणि ग्रामसेवकांकडे लेखी द्या म्हणजे विषयपत्रिकेवर येईल. गणपूर्ती लागते एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातलं जे कमी असेल ते, तेव्हा माणसं घेऊन जा, मुंबईकर चाकरमान्यांची भाषणं नकोत, गावात मत असलेली माणसं पाहिजेत. गावाचा वार्षिक विकास आराखडा ठरतो तेव्हा त्यात हे काम नावानिशी आलं पाहिजे. ठराव झाला की ठरावाचा क्रमांक लिहून घ्या आणि इतिवृत्तात तो नीट लिहिलाय का ते पुढच्या आठवड्यात जाऊन बघा, हे शेवटचं फार लोक करत नाहीत.

प्रश्न: माझी आई तमाशात होती, वीस वर्षं फडात नाचली, आता गुडघे गेलेत. मानधनासाठी अर्ज केला तर पुरावा मागतात. आमच्याकडे काही नाही.

ताई, राजर्षी शाहूंच्या नावाची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलाकारांची जी मानधन योजना आहे तीच ना? २०२४ पासून सरसकट दरमहा पाच हजार रुपये आहेत तिचे. तुमच्याकडे काही नाही असं नसतं, शोधायला लागतं. फडाची जुनी पोस्टरं, जत्रा कमिटीने दिलेल्या सुपारीची, म्हणजे खेळ ठरवल्याची, पावती, हँडबिल, एखादा फोटो ज्यात राहुटी दिसते, आकाशवाणीवर कधी गेल्या असतील तर त्याचं पत्र. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक सुपारी द्यायला तिथेच येतात, तेव्हा स्वतः जा, आईच्या फडाचे मालक किंवा त्यांची मुलं भेटतील, त्यांच्या लेटरहेडवर किती साली ते किती साली काम केलं हे लिहून घ्या. आईबरोबर काम केलेल्या बायकांनाही शोधा, दोघीतिघींचे अर्ज एकत्र गेले तर एकमेकींना साक्ष होते. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा, तोंडी 'होत नाही' ऐकून परत येऊ नका. आईंना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न: आमच्या उपनगरातलं महापालिकेचं जुनं नाट्यगृह पाडून तिथे मोठं सांस्कृतिक संकुल करणार असं ऐकतोय. काही मित्र म्हणतात विरोध करूया, काही म्हणतात नवीन होतंय तर चांगलंच आहे. तुमचं मत?

माझं मत, आधी नकाशा मागा. विरोध का पाठिंबा हे नकाशा बघून ठरवा.

पुण्याचं बालगंधर्व घ्या. ८ ऑक्टोबर १९६२ ला खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते भूमिपूजन, २६ जून १९६८ ला उद्घाटन, पुलंनी त्यात जातीने लक्ष घातलं होतं. २०१८ च्या सुमाराला पुनर्विकासाची घोषणा झाली आणि तेव्हापासून कलाकारांतच दोन तट आहेत, पण एक गोष्ट चांगली झाली की लोकांनी सुरुवातीपासून प्रश्न विचारले, किती आसनं, कुणासाठी किती जागा, काम चालू असताना प्रयोग कुठे होणार. रंगमंदिर अजून उभं आहे.

आणि गोव्याची कला अकादमी बघा, मनाला लागणारी गोष्ट आहे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी आखलेली, मांडवीच्या काठावरची, काय सुंदर वास्तू. नूतनीकरणाला घेतली, काम चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरचा स्लॅब कोसळला, त्याच वर्षाअखेर ती उघडली आणि प्रयोग करणाऱ्यांनी सांगायला सुरुवात केली की आवाज नीट नाही, लाइट नीट नाही, गळती आहे. तिथल्या कलाकारांनी मग 'कला राखण मांड' म्हणून एकत्र येऊन लावून धरलं आणि सरकारला २०२४ मध्ये नाट्यदिग्दर्शक विजय केंकरे यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमावं लागलं. रंगभूमीवर काम केलेल्या माणसांना हे सगळं काम सुरू व्हायच्या आधी बोलावलं असतं तर? मला हेच राहून राहून वाटतं.

म्हणून तुम्ही पाडायच्या आधी बोलवा म्हणा. नेपथ्य करणाऱ्याला, लाइटवाल्याला, साउंडवाल्याला नकाशा दाखवा. स्टेज किती खोल आहे, विंगेत नेपथ्याचा फ्लॅट उभा राहतो का, टेम्पो थेट स्टेजच्या मागे लागतो का की तिसऱ्या मजल्यावर लिफ्टने सामान चढवायचं, मेकअप रूम स्टेजच्या पातळीवर आहेत का. मी एक नवंकोरं नाट्यगृह पाहिलंय, संगमरवर, झुंबर, सगळं, आणि एका विंगेतून दुसऱ्या विंगेत जायला मागून वाटच नाही! नटाला पलीकडून एंट्री घ्यायची तर बाहेरून, पार्किंगमधून फिरून यावं लागतं. हे कुठल्याही बॅकस्टेजच्या पोराने नकाशा बघून दोन मिनिटांत सांगितलं असतं.

शिवाय तीन गोष्टी लेखी घ्या, ठरावात. नवीन होईपर्यंत जुनं चालू राहील की पर्यायी जागा मिळेल. चालवायला ठेकेदाराला देणार असाल तर भाडं कोण ठरवणार. आणि हौशी संस्था, बालनाट्य, शाहिरी, एकांकिका यांना तारखा वाटपात राखीव दिवस किती. शनिवार-रविवार सगळे मोठ्या कार्यक्रमांना आणि सभांना गेले आणि तुम्हाला मंगळवार दुपार मिळाली तर त्या संकुलाचा तुम्हाला काय उपयोग.

प्रश्न: ताई, आम्ही चौघंच उरलोय. दोन वर्षं पाठपुरावा करतोय. सुरुवातीला चाळीस जण होते ग्रुपमध्ये. कंटाळा आलाय खरं तर. सोडून देऊ का?

कंटाळा येणारच रे. दोन वर्षं कमी नसतात. एखादा महिना खरंच सोडून द्या, नाटक करा, नाटकासाठीच सुरू केलं होतं ना हे सगळं.

पण मराठीला अभिजात दर्जा मिळाला त्याचं आठव. रंगनाथ पठारे समिती २०१२ ला नेमली, तिने कष्टाने अहवाल केला, तो दिल्लीला गेला आणि निर्णय झाला ३ ऑक्टोबर २०२४ ला. मधल्या त्या सगळ्या वर्षांत साध्या साध्या लोकांनी, शाळेतल्या मुलांनीसुद्धा, पोस्टकार्डं लिहिली पंतप्रधानांना, दरवर्षी साहित्य संमेलनात ठराव मांडला, दरवर्षी कुणीतरी म्हणायचं काय उपयोग, आणि तरी पुढच्या वर्षी ठराव मांडायला माणूस उभा राहायचा. संख्येने फार नव्हते ते.

चौघं पुरतात, कामं वाटून घेतली तर. एकाने फक्त कागद सांभाळायचे, फाईल त्याच्या घरी. एकाने सभा आणि अंदाजपत्रकाच्या तारखांवर लक्ष ठेवायचं. एकाने पत्रकारांशी आणि नगरसेवकांशी बोलायचं, आणि चौथ्याने ते गेलेले छत्तीस जण, त्यांना फोन करत राहायचं, कामाला या म्हणून नाही, तालमीला चहाला या म्हणून. तू पत्रात लिहिलंयस की शेवटच्या अर्जाची पोच सापडत नाहीये, तर आधी तो अर्ज परत दे, या सोमवारीच जा, आणि शिक्का मारलेल्या प्रतीचा फोटो मला पाठव, मी वाट बघते.